बंदिवानाचे आप्त आणि परराष्ट्राचें द्वार

एखाद्या मनुष्यास कारावासाची शिक्षा झाली म्हणजे न्यायाधीश ती त्या एकट्यासच सांगतो. परंतु ती सोसावी लागते त्याच्या सर्व कुटुंबास. ही गोष्ट कोणत्याहि देशांत व कोणत्याहि काळीं खरी आहे. तथापि बंदिशाळा स्वदेशांत असली तर त्या दुःखास कांहीं एक मर्यादा राहते. आपल्या अलिबागेंत आंग्र्यांच्या हिराकोटांत जिल्ह्याचें कारागृह आहे. तेथें कोणाचा पुत्र अडकला, तर मुरुडाहून वा श्रीवर्धनाहून निघालेली त्याची माता एस. टी. च्या गाडीनें येऊन, नियमाप्रमाणें अर्ज करून, त्यास डोळ्यांनीं पाहूं शकते व आपल्या भाषेंत त्याच्याशीं चार शब्द बोलूं शकते.

परंतु तोच पुत्र परराष्ट्राच्या बंदिशाळेंत पडला म्हणजे स्थिति पालटते. त्याच्या भेटीस जावयाचें तर पारपत्र हवें, आणि त्यावर त्या परराष्ट्राचा प्रवेशपरवाना, ज्यास आपण व्हिसा म्हणतों, तो हवा. ज्या सरकारनें पुत्रास बंदींत घातलें, त्याच सरकारच्या दारीं मातेस हा परवाना मागावा लागतो. त्यांतून आरोप हेरगिरीचा अथवा दहशतवादाचा असला, तर तें द्वार बहुधा उघडतच नाहीं. अशा वेळीं कुटुंबाचें गाऱ्हाणें दोन राष्ट्रांच्या वकिलातींमधील पत्रव्यवहाराचा विषय होतें. हें कसें घडतें, त्याविषयीं कायदा काय म्हणतो व काय म्हणत नाहीं, हें वाचकांस सोप्या रीतीनें समजावून द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें दुःख आपल्या प्रांतास नवें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांस १८७९ सालीं जन्मठेपेची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी समुद्रापार एडन येथें करण्यांत आली. तेथेंच १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. विनायक दामोदर सावरकर १९११ सालीं अंदमानांत पोहोंचले. त्यांच्या पत्नीची व धाकट्या बंधूंची तेथें त्यांच्याशीं भेट झाली ती १९१९ सालीं, म्हणजे सुमारें आठ वर्षांनीं. त्यांचे थोरले बंधु बाबाराव हेहि तेथेंच बंदींत होते. पण बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई त्या भेटीपूर्वींच निवर्तल्या. एडन काय किंवा अंदमान काय, दोन्ही ठिकाणें त्या वेळीं एकाच साम्राज्यांत होतीं. तेथें जाण्यास परराष्ट्राचा परवाना लागत नव्हता. तरीहि सरकारची अनुज्ञा मिळाल्यावांचून बंदिवानाचें मुख पाहणें अशक्य होतें. आज साम्राज्य गेलें, त्याच्या जागीं स्वतंत्र राष्ट्रें आलीं. आणि जी अनुज्ञा पूर्वीं एका सरकारची लागे ती आतां दोन सरकारांची लागूं लागली.

आतां कायद्याकडे वळूं. परदेशांत पकडल्या गेलेल्या मनुष्याविषयीं सर्व राष्ट्रांनीं मिळून केलेला मुख्य करार म्हणजे २४ एप्रिल १९६३ रोजीं व्हिएन्ना येथें झालेला वाणिज्यदूतविषयक करार होय. वाणिज्यदूत म्हणजे ज्यास आपण कॉन्सल म्हणतों तो अधिकारी. परदेशांत गेलेल्या आपल्या नागरिकांची काळजी वाहणें हें त्याचें काम. या कराराच्या ३६ व्या कलमांत असें ठरलें आहे कीं, परकी मनुष्यास अटक झाल्यास त्याला त्याचे हक्क विनाविलंब सांगावे. त्याची इच्छा असल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतास वर्दी द्यावी. आणि त्या वाणिज्यदूतास बंदिवानास भेटण्याचा, त्याच्याशीं बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा व त्याच्यासाठीं वकील मिळवून देण्याचा अधिकार असावा.

या कलमांत वाणिज्यदूताचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. बंदिवानाच्या मातापित्यांच्या, पत्नीच्या अथवा मुलांच्या भेटीविषयीं मात्र त्यांत एक अक्षरहि नाहीं. म्हणजे सरकारी अधिकारी ज्या दारानें हक्कानें आंत जातो, त्याच दाराशीं जन्मदात्री माता कृपेची याचना करीत उभी राहते. सर्व प्रश्नाचें मूळ येथें आहे, आणि पुढें सांगावयाच्या प्रकरणावरून तें स्पष्ट होईल.

भारत व पाकिस्तान या दोन राष्ट्रांनीं २१ मे २००८ रोजीं बंदिवानांविषयीं आणखी एक करार केला. प्रत्येक वर्षीं १ जानेवारी व १ जुलै या दिवशीं एकमेकांच्या नागरिकांपैकीं जे आपल्या बंदिशाळेंत असतील त्यांच्या याद्या परस्परांस द्याव्या, आणि अटक झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत वाणिज्यदूतास भेट द्यावी, असें त्यांत ठरलें. परंतु त्याच करारांत असेंहि एक पोटकलम आहे कीं, अटक राजकीय अथवा सुरक्षिततेच्या कारणानें झाली असेल, तर त्या प्रकरणाचा विचार ज्या त्या पक्षानें त्याच्या गुणावगुणांवरून करावा. साध्या भाषेंत सांगावयाचें तर, ज्या प्रकरणांत भेटीची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच प्रकरणासाठीं एक पळवाट मोकळी ठेवण्यांत आली.

त्या पळवाटेची कसोटी लागली ती एका मराठी कुटुंबाच्या प्रकरणांत. भारतीय नौदलांतील माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांस आपण ३ मार्च २०१६ रोजीं बलुचिस्तानांत पकडलें, असें पाकिस्तान सरकारनें जाहीर केलें, व त्यांच्यावर हेरगिरीचा आणि दहशतवादाचा आरोप ठेवला. भारत सरकारचें म्हणणें असें कीं, जाधव नौदलांतून निवृत्त होऊन इराणांत व्यापार करीत होते व तेथून त्यांस पळवून नेण्यांत आलें. २५ मार्च २०१६ रोजीं अटकेची वार्ता मिळतांच भारतानें वाणिज्यदूताच्या भेटीची मागणी केली. ती पुनःपुन्हां करण्यांत आली व प्रत्येक वेळीं व्यर्थ गेली. १० एप्रिल २०१७ रोजीं लष्करी न्यायालयानें त्यांस देहान्त शिक्षा दिल्याचें प्रसिद्ध झालें.

त्यानंतर मातेनें पुत्राच्या भेटीसाठीं व्हिसा मागितला. दिवस गेले, महिने गेले, उत्तर आलें नाहीं. तेव्हांच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीं पाकिस्तानचे परराष्ट्रविषयक सल्लागार सरताज अझीझ यांस स्वतः पत्र लिहिलें. त्याची पोंचदेखील मिळाली नाहीं, असें त्यांनीं जुलै २०१७ मध्यें जाहीरपणें सांगितलें. पुढें १० नोव्हेंबर २०१७ रोजीं पाकिस्ताननें केवळ पत्नीस भेटीची अनुज्ञा देऊं केली. मातेसहि ती मिळावी, उभयतांच्या सुरक्षिततेची हमी मिळावी व सोबत भारताचा एक अधिकारी असावा, अशी मागणी भारतानें केली. एका मातेनें आपल्या मुलास एकदां पाहावें, एवढ्यासाठीं दोन राष्ट्रांच्या परराष्ट्रखात्यांस अनेक महिने खटाटोप करावा लागला.

अखेर २५ डिसेंबर २०१७ रोजीं, नाताळाच्या दिवशीं, इस्लामाबादेंतील परराष्ट्रखात्याच्या इमारतींत ती भेट झाली. माता व पत्नी एका बाजूस, जाधव दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें कांचेचा पडदा. बोलणें यंत्रद्वारां, सुमारें चाळीस मिनिटें. स्वराज यांनीं तीन दिवसांनीं संसदेंत जें निवेदन केलें, त्यावरून असें कळतें कीं, दोघींच्या मंगळसूत्र, बांगड्या व कुंकू या सौभाग्यचिन्हांस भेटीपूर्वीं उतरवावें लागलें, मातेस नेहमींचें लुगडें सोडून दुसरा वेष घ्यावा लागला, आणि तिला मराठींत बोलूं देण्यांत आलें नाहीं. मातेच्या गळ्यांत मंगळसूत्र नाहीं हें पाहून पुत्रानें प्रथम वडिलांविषयींच विचारलें. घरीं कांहीं अशुभ घडलें असावें, अशी शंका त्याच्या मनांत आली. पाकिस्तान सरकारनें हे आक्षेप नाकारले. जें केलें तें सुरक्षिततेसाठीं केलें व भेट मानवतेच्या भावनेनें दिली, असें त्याचें म्हणणें होतें. सोबत गेलेल्या भारतीय अधिकाऱ्यास दुसऱ्या पडद्याआड उभें राहावें लागलें. त्यामुळें ही भेट वाणिज्यदूताची नव्हतीच, हें दोन्ही पक्षांस मान्य होतें.

इकडे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतानें ८ मे २०१७ रोजींच दावा दाखल केला होता. भारताची बाजू हरीश साळवे यांनीं मांडली. न्यायालयानें १८ मे २०१७ रोजीं देहान्त शिक्षेची अंमलबजावणी थांबविण्याचा आदेश दिला, व १७ जुलै २०१९ रोजीं अखेरचा निकाल दिला. पंधरा न्यायाधीश एका मताचे व एक विरुद्ध, असा तो निकाल होता. हेरगिरीचा आरोप असला म्हणून ३६ वें कलम लागू होत नाहीं, हें म्हणणें न्यायालयानें फेटाळलें. २००८ च्या करारांतील सुरक्षिततेच्या पोटकलमानें व्हिएन्ना कराराचा हक्क कमी होत नाहीं, असेंहि ठरविलें. पाकिस्ताननें जाधव यांस त्यांचे हक्क सांगितले नाहींत व वाणिज्यदूतास भेटूं दिलें नाहीं, हा करारभंग होय, असें सांगून त्यानें शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्याची आज्ञा केली. जाधव यांस सोडून द्यावें ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाहीं.

त्या निकालानंतर २ सप्टेंबर २०१९ रोजीं भारताच्या अधिकाऱ्याची जाधव यांच्याशीं भेट झाली. १६ जुलै २०२० रोजीं दुसरी भेट झाली. परंतु ती निर्वेध नव्हती, अशी तक्रार भारतानें केली. तरीहि एवढें तर खरेंच कीं, कायद्यांत जो हक्क लिहिलेला होता तो न्यायालयांत सिद्ध करतां आला. मातेच्या भेटीचें काय? त्याविषयीं कोणत्या कलमावर बोट ठेवावें? नाताळाची ती भेट कृपेनें मिळाली. जी वस्तु कृपेनें मिळते तिचें स्थळ, तिची वेळ, तिची भाषा, इतकेंच नव्हे तर भेटीस येणारीचा वेष, हें सर्व देणाराच ठरवितो. मराठी बोलण्याच्या बंदीविरुद्ध निषेध करतां आला, पण न्याय मागतां आला नाहीं. हक्क आणि कृपा यांतील भेद याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

आतां दुसरी बाजूहि न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. राष्ट्रें परकीयांस प्रवेश देतांना साशंक होतात, ती निव्वळ निर्दयता असते असें नव्हे. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस कोणीं शिकवावयास नको. फेब्रुवारी १९९३ मध्यें श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटक द्रव्यें उतरविण्यांत आलीं, आणि १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत झालेल्या स्फोटांत २५७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. २००८ च्या नोव्हेंबरांत कराचीहून समुद्रमार्गें निघालेल्या दहा सशस्त्र मनुष्यांनीं वाटेंत ‘कुबेर’ नांवाची मासेमारीची नौका बळकावली व कुलाब्याच्या मच्छीमारवस्तीजवळ उतरून मुंबईवर हल्ला केला. त्यांत १६६ माणसांचे प्राण गेले. तेव्हांपासून आपल्या किनाऱ्यावर पहारा वाढला, सागरी पोलीस चौक्या झाल्या, कोळीबांधवांस ओळखपत्रें बाळगावीं लागलीं. मरण पावलेल्यांच्या मातांसहि पुत्र होते, आणि त्यांना कांचेच्या पडद्याआडूनहि ते पुन्हां दिसावयाचे नाहींत. म्हणून सरकारनें सावध असूं नये, असें कोणीहि विचारी मनुष्य म्हणणार नाहीं.

परंतु सावधगिरी आणि ताटातूट या दोन भिन्न वस्तु आहेत. भेटीस येणाऱ्याची झडती घ्यावी, मार्ग नेमून द्यावा, दुभाष्या बसवावा, कांचेचा पडदाहि ठेवावा. यांतील प्रत्येक उपाय सुरक्षिततेच्या उपयोगाचा आहे. भेटच नाकारली तर सुरक्षितता अधिक ती काय वाढते? आरोप पुत्रावर आहे. मातेवर कोणताहि आरोप नाहीं. आरोपच नसतां जी शिक्षा भोगावी लागते तिला कोणत्याहि न्यायशास्त्रांत आधार सांपडणें कठीण.

हा प्रकार केवळ आपल्या शेजारींच घडतो असेंहि नाहीं. सप्टेंबर १९९८ मध्यें अमेरिकेंतील मायामी येथें क्यूबाच्या पांच नागरिकांस हेरगिरीसंबंधीं आरोपांवरून पकडण्यांत आलें. त्यांच्या सरकारचें म्हणणें असें कीं, क्यूबाविरुद्ध घातपात करणाऱ्या टोळ्यांवर नजर ठेवण्याकरितां ते तेथें गेले होते. क्यूबाचें नांव अमेरिकेनें १९८२ सालींच दहशतवादास आश्रय देणाऱ्या राष्ट्रांच्या यादींत घातलेलें होतें. त्या पांचांपैकीं दोघांच्या पत्नींस सुरक्षिततेचें कारण सांगून अमेरिकेनें वर्षानुवर्षें व्हिसा नाकारला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें त्याविषयीं वारंवार चिंता प्रकट केली. त्यांपैकीं शेवटचे तिघे डिसेंबर २०१४ मध्यें सुटले, तेहि दोन सरकारांच्या वाटाघाटींनींच.

आणि प्रामाणिकपणें हेंहि मान्य केलें पाहिजे कीं, वर्षांतून दोनदां दिल्या जाणाऱ्या त्या याद्या दुहेरी असतात. भारताच्या बंदिशाळांतहि पाकिस्तानी नागरिक असतात, त्यांनाहि माता असतात, आणि त्यांच्या दृष्टीनें व्हिसाचें द्वार आपल्या हातीं असतें. जो न्याय आपण जाधव यांच्या मातेसाठीं मागतों, तोच त्यांच्या मातांसाठीं द्यावयास सिद्ध असलों, तरच आपल्या मागणीस तेज येईल. यादींतील पुष्कळ नांवें तर दर्यावर्दी गरीब मच्छीमारांचीं असतात. त्यांत गुजराथेंतील व दीवमधील लोक असतात, तसे गुजराथी नौकांवर मजुरीस गेलेले आपल्या पालघर जिल्ह्यांतील लोकहि असतात. समुद्रांत सीमेची रेषा दिसत नाहीं. जाळें टाकतां टाकतां नौका पलीकडे जाते, आणि मनुष्य कराचीच्या बंदिशाळेंत पोहोंचतो. त्यांच्यावर दहशतवादाचा आरोप नसतो. पण दोन राष्ट्रांमधील संशयाचा भार मात्र त्यांच्या कुटुंबांवरहि पडतो. त्यांच्या बायकामुलांस कराचीची वाट कधींच सांपडत नाहीं.

मग उपाय काय? २००७ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिति नेमली होती. तिचे सभासद परस्परांच्या बंदिशाळांत जाऊन बंदिवानांस भेटत. परंतु २०१३ नंतर तें काम खुंटलें. संयुक्त राष्ट्रसंघानें डिसेंबर २०१५ मध्यें बंदिवानांच्या वागणुकीचे सुधारलेले नियम मान्य केले. त्यांस नेल्सन मंडेला यांचें नांव दिलें आहे. बंदिवानास ठराविक काळानें आपल्या कुटुंबीयांशीं पत्रानें व भेटीनें संबंध ठेवूं द्यावा, असें ते सांगतात. पण ते नियम उपदेशरूप आहेत, त्यांना कराराचें बल नाहीं. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनें १९६८ पासून अनेक दशकें इस्रायलच्या बंदिशाळांतील पॅलेस्टिनी बंदिवानांच्या नातलगांस गाड्यांतून भेटीसाठीं नेलें. म्हणजे तटस्थ मध्यस्थ असला, तर सुरक्षिततेच्या बंदिवानाची देखील भेट घडवितां येते, हें अनुभवानें सिद्ध झालें आहे. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्यें युद्ध पेटतांच त्या भेटी बंद झाल्या; कारण तेथेंहि त्या अखेर अनुज्ञेवरच अवलंबून होत्या.

यावरून एकच गोष्ट निष्पन्न होते. वाणिज्यदूताचा हक्क जसा कलमांत लिहिला गेला, तसाच निकटच्या आप्तांचा हक्कहि लिहिला गेला पाहिजे. किती अवधींत व्हिसा द्यावयाचा, वर्षांतून किती भेटी, मातृभाषेंत बोलण्याची मोकळीक व त्यासाठीं दुभाष्या, आणि वाद पडल्यास मध्यस्थ कोण, एवढ्या चार गोष्टी दोन राष्ट्रांच्या करारांत स्पष्ट असल्या, तर झडती व पहारा ठेवूनहि मातेची मान ताठ राहील.

आपल्या किनाऱ्यावरील अनेक तरुण व्यापारी जहाजांवर व आखाती देशांत उदरनिर्वाहासाठीं जातात. या शाळेंतूनहि उद्यां कित्येक जातील. त्यांनीं एवढें अवश्य ध्यानांत ठेवावें: परदेशांत कोणत्याहि कारणानें अटक झाली, तर आपल्या देशाच्या वाणिज्यदूतास वर्दी द्यावी, अशी मागणी तत्काळ व स्पष्ट शब्दांत करावी, ती मागणी हा हक्क आहे. घरच्यांनीं परराष्ट्रमंत्रालयाकडे लेखी अर्ज करावा. २०१५ सालीं त्या मंत्रालयानें ‘मदद’ नांवाची व्यवस्था अशा गाऱ्हाण्यांसाठींच सुरू केली आहे. आणि ज्यांच्यावर असा प्रसंग आला नाहीं त्यांनीं, शेजारच्या एखाद्या घरावर तो आला असतां, त्या घराकडे पाठ फिरवूं नये. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. बंदिवानाची भेट घेणें हें ख्रिस्ती शास्त्रांत दयेच्या कृत्यांत गणलें आहे. आणि ज्यांना ती भेट घेतां येत नाहीं, त्यांच्या दाराशीं जाऊन विचारपूस करणें हें कृत्यहि त्याहून कमी मोलाचें नाहीं.